पौनीकर पेंटरचा शिक्का

रबरी शिक्का कधी नीट उमटत नाही. एक बाजू गडद, दुसरी फिकी, मधलं एखादं अक्षर शाईनं बुजलेलं, आणि डॉक्टर घाईत असले तर सगळाच तिरका. औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं काढल्यावर मी शिक्क्याकडे बघणंच सोडलं होतं. तो आहे ना, एवढंच बघायचे. म्हणून त्या सकाळी घाटे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर माझी नजर अडकली, तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. जांभळ्या शाईतलं प्रत्येक अक्षर सारख्या वजनाचं. कडा स्वच्छ. ओळ अशी सरळ, की पट्टी लावून बघावी. शिक्का जरा जास्तच चांगला होता.

चिठ्ठी घेऊन समोर उभे होते रामकृष्ण पौनीकर. आमच्या भागातले जुने पेंटर, साठीच्या आसपासचे. फ्लेक्सचे बोर्ड येण्याआधी सक्करदऱ्यापासून दिघोरीपर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. आमच्या मेडिकलची पाटीही त्यांनीच रंगवलेली.

"मॅडम, द्या ना लवकर," ते म्हणाले. "कंबर भलतीच दुखून राहिली."

चिठ्ठीवर ट्रामाडोल नावाची गोळी होती. दुखण्यावरची, पण अफूच्या जातकुळीची. दुखणं थांबवते आणि हळूहळू माणसाला धरून ठेवते. असली औषधं दिली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, औषध, संख्या, तारीख, सगळं लिहावं लागतं. चिठ्ठीवरही दुकानाचा शिक्का मारायचा, म्हणजे तीच चिठ्ठी घेऊन माणूस पुढच्या दुकानात जाऊ नये.

आमचं काम बाहेरून फार सोपं दिसतं. लोकांना वाटतं, फार्मासिस्ट म्हणजे डॉक्टरांचं अक्षर वाचता येणारा दुकानदार. माझ्या नणंदेला तर अजूनही वाटतं की मी "गोळ्या विकायची". पण दुकान शेठजींचं असलं तरी लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं होतं. चुकीची गोळी गेली, जास्त गेली, खोट्या चिठ्ठीवर गेली, तर जाब मला. डॉक्टरनं लिहिलं आणि पेशंटनं गिळलं, याच्या मध्ये एकच माणूस उभा असतो, आणि तो काउंटरमागे असतो.

आमच्या घरी हातमाग होता. बाबा लुगडी विणायचे. तयार कापड ते दारात नेऊन उजेडात धरायचे आणि कुठं धागा चुकला ते बोट ठेवून सांगायचे. माग काही मी शिकले नाही, पण वस्तू उजेडात धरायची खोड तेवढी घेतली. खोट्या चिठ्ठ्या पकडण्यात माझा थोडा नावलौकिक होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा तोराही होता.

खोटी चिठ्ठी म्हणजे सगळीच खोटी असते असं नाही. बहुतेक वेळा चिठ्ठी खरी असते आणि एकच आकडा खोटा असतो. इंग्रजी एकाचा चार करायला एक रेघ पुरते. डॉक्टर दहा गोळ्या लिहितात आणि दुकानापर्यंत येईतो त्या चाळीस होतात. चोर मात्र पेन बदलतो. दोन निळे पेन आपल्याला सारखे दिसतात, पण कागद उजेडात तिरपा धरा, एक शाई चमकते, दुसरी नाही. एकदा एका कॉलेजच्या पोरानं झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी आणली. "दिवसातून तीन वेळा जेवणानंतर" असं पूर्ण इंग्रजी वाक्य, शेवटी पूर्णविराम. मी त्याला म्हटलं, "बेटा, डॉक्टर इतकं छान लिहीत असते तर आमची अर्धी नोकरी गेली असती." पोरगं चिठ्ठी टाकून पळालं.

आणखी एकजण मुद्दाम ठासून सांगत होता, "परवाच दाखवलं मी डॉक्टरले."

मी विचारलं, "स्वतः तपासलं त्यांनी?"

"मंग! हात लावून तपासलं."

"दादा," मी म्हटलं, "त्यांच्या तेरवीचं जेवण मी जेवून आली. आठ महिने झाले."

त्या माणसानं हात जोडले. मला उद्देशून की डॉक्टरांना, ते समजलं नाही.

असे किस्से सांगताना मजा येते. पण एक किस्सा मी फार दिवस कोणाला सांगितला नव्हता. कुहीकडचा एक माणूस मुलीच्या फिटच्या गोळ्या घ्यायला आला होता. चिठ्ठीवर दोन हातांची अक्षरं, दोन पेनं, आणि सही अशी वेडीवाकडी की लहान मुलानं केली असावी. दुकानात गर्दी होती. मी चिठ्ठी हवेत धरली आणि मोठ्यानं म्हटलं, "ही चिठ्ठी खोटी आहे. इथं चालणार नाही." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि तो गेला. शेवटची बस गाठायची असणार.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. नर्सनं लिहिलं होतं आणि त्यांनी डाव्या हातानं सही केली होती. गोळी न मिळाल्यामुळे मुलीला फिट आली, दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलगी पुढे बरी झाली, असं त्यांच्याकडूनच कळलं. तो बाप मात्र आमच्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. त्याची माफी मागायची राहून गेली ती राहूनच गेली.

तेव्हापासून मी स्वतःला दोन गोष्टी लावून घेतल्या. तोंड उघडण्याआधी फोन करायचा. आणि जे बोलायचं ते चारचौघांत बोलायचं नाही.

तर समोर पौनीकर उभे होते आणि माझ्या हातात तो सुंदर शिक्का होता.

"स्टॉक पाहून येते हं," मी म्हटलं. हे आमचं नेहमीचं वाक्य. यात खोटं काही नाही आणि विचार करायला वेळ मिळतो.

आत जाऊन मी चिठ्ठी ट्यूबलाइटखाली धरली. लेटरहेड खरं होतं, कागद ओळखीचा. अक्षर घाटे डॉक्टरांचंच वाटत होतं. पण शिक्का मराठीत होता, आणि त्यातल्या "घाटे"चा काना खाली येताना जरासा डावीकडे मुरडला होता. साडीच्या काठाला शेवटी मुरड घालावी तसा. हा काना मी कुठंतरी रोज बघत होते. मी मागच्या दारानं बाहेर पडले, रस्त्यावर गेले आणि आमच्याच दुकानाच्या पाटीकडे मान वर करून बघितलं. "औषधांचे दुकान". तीच मुरड.

शिक्का मारलेलाच नव्हता. ब्रशनं काढला होता.

खरं सांगते, पहिला विचार आला तो कौतुकाचा. आठ आण्याच्या नाण्याएवढ्या जागेत चार ओळी, रजिस्ट्रेशन नंबरासकट! दुसरा विचार आला, ही पहिलीच चिठ्ठी आहे की आधीही आल्या आहेत? मी रजिस्टर काढलं. दोन महिन्यांत पौनीकरांच्या नावावर याच गोळीच्या आणखी तीन नोंदी होत्या. तिन्ही माझ्या अक्षरात. तिन्ही चिठ्ठ्यांची तारीख गुरुवारची, आणि घाटे डॉक्टर गुरुवारी दवाखाना बंद ठेवतात हे अख्ख्या सक्करदऱ्याला माहीत आहे. म्हणजे खोट्या चिठ्ठ्या पकडणाऱ्या पराते मॅडमनी तीनदा डोळे मिटून औषध दिलं होतं. माझा तोरा तिथंच उतरला.

मी डॉक्टरांना फोन लावला. चिठ्ठीवर छापलेला नंबर नाही, माझ्या डायरीतला. चिठ्ठी खोटी असली तर तिच्यावरचा नंबरही चोराच्या भावाचा असू शकतो, हे आम्ही ठोकरा खाऊन शिकलेलो असतो.

"पौनीकर?" डॉक्टर म्हणाले. "त्यांची ती गोळी मी कधीच बंद केली. पाटी रंगवताना परांचीवरून पडून मणका दुखावला होता, तेव्हा दिली होती. आता दुखणं नाही, सवय आहे. मी नाही म्हटल्यावर रागावून गेले ते पुन्हा आलेच नाहीत."

मी बाहेर आले. पौनीकरांना बाजूच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसले.

"भाऊ, घाटे डॉक्टरांशी बोलली मी."

त्यांनी मान फिरवली.

"गोळी आज देता येत नाही. चला, आपण दोघं त्यांच्याकडे जाऊ. मी येते सोबत."

"काहून?" त्यांचा आवाज चढला. "चोर समजून राहिल्या का मले? वीस वर्षं झाले, तुमची पाटी मी रंगवली!"

"म्हणूनच ओळखलं," मी म्हटलं.

 त्यांच्या कपाळावर घाम होता आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात बारीक थरथरत होता. मग ते उठले आणि निघून गेले. चिठ्ठी माझ्याकडेच राहिली.

आता भीती वाटायला लागली. ही गोळी एकदम बंद झाली तर माणसाला घाम फुटतो, अंग मोडून येतं, जीव नकोसा होतो. जास्त घेतली तर फिट येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. आणि आम्ही नाही म्हटल्यावर ते दुसरीकडे जाणार हे उघड होतं. मी आसपासच्या मेडिकलवाल्यांना एकेक करून फोन केले. सांगितलं, असा शिक्का आला तर देऊ नका, ओरडू नका, पोलीस-पोलीस करू नका, आधी मला सांगा. तिसऱ्या फोनवर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, यायनं तर आमच्या इथून कालच नेल्या."

दुपारी ओपीडी संपल्यावर घाटे डॉक्टर दुकानात आले ते तापलेले. "हे माझ्या नावावर चाललंय! उद्या कोणी मेलं तर मी जेलमध्ये. मी पोलिसांत जातो." त्यांनी माझ्याकडची चिठ्ठी घेऊन टेबलावर ठेवली, बॅगेतून स्वतःचा शिक्का काढला आणि शेजारच्या कोऱ्या कागदावर दाबला. खरा शिक्का तिरका उमटला. "घा" दिसत होता, "टे" बुजला होता.

डॉक्टरांनी दोन्ही शिक्के बराच वेळ बघितले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रागानं. पण ते हसत होते.

"पराते बाई," ते म्हणाले, "यातला माझा वाटतो तो कोणता हो?"

शेठजी वाकून बघत म्हणाले, "डॉक्टरसाब, बुरा मत मानना, पर असली तो ये लग रहा है." आणि त्यांनी पौनीकरांच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

लेटरहेडचं कोडंही डॉक्टरांनीच सोडवलं. दवाखान्याची पाटी रंगवायला दिली तेव्हा अक्षरांचा नमुना म्हणून त्यांनी स्वतःच कोऱ्या कागदांचं पॅड पौनीकरांना दिलं होतं. हे आठवल्यावर त्यांचा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा योग्य होता, आणि तो त्यांनी सोडला नाही.

"तो गोळ्या विकत नसेल कशावरून?" त्यांनी विचारलं.

आमच्या धंद्यात दयाळू माणूस सगळ्यात लवकर फसतो, हे मला ठाऊक होतं. "जाऊन बघते," मी म्हटलं.

पाच वाजता मी पौनीकरांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात जुन्या डब्यांमध्ये लावलेली झेंडूची रोपं, प्रत्येक डब्यावर रंगाचे ओघळ. दार चंद्रकलाबाईंनी उघडलं. पौनीकरांची बायको. उंच, करारी बाई. सुनेला हाताशी घेऊन लग्नसराईत पापड-कुरड्यांच्या ऑर्डरी घेत.

"या ना मॅडम. यायची तब्येत बरी नाई आज. ताकतीच्या गोळ्या संपल्या म्हणते."

"ताकतीच्या?"

"हो, तुमच्याच इथून आणते ना."

पौनीकर खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे.  बोलायचं ते त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं. शेवटी त्यांनीच कोपऱ्यातल्या ब्रशच्या पेटीकडे बोट दाखवलं. चंद्रकलाबाईंनी पेटी उघडली. ब्रश उचलले, तळाचं फडकं काढलं. खाली रिकाम्या स्ट्रिपा होत्या, दाबून दाबून भरलेल्या. विकणारा माणूस रिकाम्या स्ट्रिपा जपून ठेवत नाही. सगळ्या गोळ्या त्यांनी स्वतःच खाल्ल्या होत्या आणि लाजेनं स्ट्रिपा कचऱ्यातही टाकल्या नव्हत्या.

"हे काय व्हय?" चंद्रकलाबाई म्हणाल्या.

पौनीकर रडायला लागले. "मॅडम, गोळी घेतल्याशिवाय हात थरथरते, ब्रश धरता येत नाई. आन् ब्रश धरल्याशिवाय गोळी भेटत नाई. मी या चक्करमंधी फसलो."

मला वाटलं, चंद्रकलाबाई आता आकाशपाताळ एक करतील. त्या खाटेच्या कडेवर बसल्या, त्यांनी नवऱ्याचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि मला विचारलं, "उद्या किती वाजता यायचं, सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं बसलो. घाटे डॉक्टर, पौनीकर, चंद्रकलाबाई आणि मी. डॉक्टरांनी आधी चांगलं खडसावलं. पौनीकरांनी मान खाली घालून ऐकलं आणि उरलेलं पॅड टेबलावर ठेवलं. मग डॉक्टरांनी सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्ती विभागाला पत्र लिहिलं. शिक्क्याची नक्कल झाल्याचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावाच लागला. तो द्यायला पौनीकर स्वतः डॉक्टरांबरोबर गेले, लेखी जबाब दिला आणि तंबी घेऊन परत आले. मी औषध निरीक्षकांना कळवलं. त्यांनी येऊन चिठ्ठी बघितली, रजिस्टर बघितलं आणि मलाच विचारलं, "तीनदा दिलंत ना मॅडम?" मी हो म्हटलं.  त्यांचं विचारणं रास्तच होतं.

पौनीकर काही दिवस दवाखान्यात राहिले. परत आल्यावर गोळ्या एकदम बंद न करता हळूहळू कमी करायच्या ठरल्या. चिठ्ठी आठवड्याची, पण घरी द्यायची नाही. रोज दुकानात यायचं आणि त्या दिवसापुरतं माझ्या हातून घ्यायचं. त्यामुळे रोज अकरा वाजता पौनीकर आमच्या बाकावर हजर. सुरुवातीला तोंड वळवून बसायचे. मग "नमस्कार जी" म्हणायला लागले. मग शेठजींच्या पेपरातलं शब्दकोडं सोडवायला लागले, तेही शेठजींना न विचारता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घालवायचे पुतळे निघतात ती मिरवणूक बघायला अर्धं शहर निघालेलं असताना, ते दुकानात आले आणि म्हणाले, "आज एक जास्ती द्या. उभं राहावं लागते मिरवणुकीत. दरसाल जातो मी."

"नाही देता येत, भाऊ."

"एकच गोळी हाये न बाप्पा!"

"एकच आहे, म्हणूनच नाही."

ते चिडून गेले. त्या दिवशीची हक्काची गोळीही घेतली नाही. मी दिवसभर दाराकडे बघत होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास आले. केसांत गुलाल, अंगाला घाम, चेहरा थकलेला पण उजळ. "पाहून आलो," म्हणाले. "गोळी घेतल्याशिवायच उभा राह्यलो. मधात दोनदा बसलो, पण पाहून आलो." आणि मग त्यांनी आपली रोजची गोळी मागितली, एखाद्यानं पैज जिंकून चहा मागावा तशी.

त्यांचा हात स्थिर व्हायला लागला तो पावसाळ्यानंतर. एक दिवस कुहीहून आलेली एक म्हातारी काउंटरपाशी गोंधळून उभी होती. बीपीची एक, शुगरच्या दोन, आणि कुठली कधी घ्यायची ते तिच्या ध्यानात राहीना. मी तिसऱ्यांदा समजावत होते. बाकावर बसलेले पौनीकर उठले, त्यांनी रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं, माझं मार्कर पेन घेतलं आणि तीन चित्रं काढली. डोंगराआडून निघणारा सूर्य. डोक्यावरचा सूर्य, खाली ताट. चंद्राची कोर आणि अंथरूण. प्रत्येक चित्राखाली मी त्या-त्या वेळची गोळी चिकटपट्टीनं लावली. म्हातारीनं पुठ्ठा हातात घेतला, चित्रांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "असं सांगाचं ना मंग! मघापासून काय इंग्रजी बोलून राहिली वं बाई?" मी मराठीतच बोलत होते.

पुढच्या महिन्यात ती म्हातारी तिच्या गावच्या दोघींना घेऊन आली. त्यांनाही "चित्राचा पुठ्ठा" हवा होता. मग शेठजींनी पांढऱ्या कार्डांचा गठ्ठा आणला, पौनीकरांनी नमुना रंगवला, आणि बाकावर बसून रोज दहा-बारा कार्डं तयार व्हायला लागली. घाटे डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्यांनीही दवाखान्यासाठी मागवली. कामाचे पैसे देताना म्हणाले, "फक्त माझं नाव कुठं घालू नका."

गोळ्या कमी होत होत अर्धीवर आल्या, मग एक दिवसाआड अर्धी, मग त्याही थांबल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सुट्टी दिली, आणि त्यानंतरच्या मंगळवारी पौनीकर घाटे डॉक्टरांकडून थेट दुकानात आले. त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

मी वाचली. नाव, वय, तारीख. त्याखाली मोकळी जागा. पूर्ण पानभर मोकळी जागा. अगदी खाली घाटे डॉक्टरांच्या अगम्य अक्षरात "औषध नाही" आणि सही. शेजारी डॉक्टरांचा नवा शिक्का, नेहमीसारखा तिरका. आधी "टे" बुजायचा, आता "घा" बुजला होता.

मी पौनीकरांकडे बघितलं. ते अगदी गंभीर चेहऱ्यानं उभे होते. मी फोन उचलला. नियम तो नियम.

"डॉक्टर, पौनीकरांची चिठ्ठी आली आहे."

"हो, मीच दिली."

"तिच्यावर काहीच नाही."

"बरोबर. काहीच नाही."

"नक्की ना?"

"पराते बाई," डॉक्टर म्हणाले, "काहीच नाही हे आणखी किती वेळा लिहून देऊ?"

मी फोन ठेवला आणि हसू फुटलं ते आवरेना. शेठजी हसले, काउंटरवरची गिऱ्हाइकं काही न कळता हसायला लागली, आणि पौनीकर, ज्यांना मी वर्षभरात दात दाखवून हसताना बघितलं नव्हतं, ते बाकावर बसून डोळे पुसत हसत होते. शेठजींनी समोरच्या दुकानातून संत्रा बर्फी मागवली. पहिला तुकडा मी पौनीकरांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो धरला आणि हात तसाच समोर, उताणा, थोडा वेळ ठेवला. मला दाखवायला. हात जरासुद्धा हलत नव्हता.

"कागद वापस देता का?" जाताना त्यांनी विचारलं. "घरी दाखवाचा हाये."

औषधच दिलं नव्हतं, त्यामुळे रजिस्टर नाही, शिक्का नाही. मी चिठ्ठी त्यांना दिली.

अर्ध्या तासात दुकानाचा फोन वाजला. चंद्रकलाबाई होत्या, आवाज दबका.

"मॅडम, हे एक कागद घेऊन आले. म्हणते डॉक्टरनं लिहून देल्लं, आता गोळ्या बंद. खरी हाये का जी चिठ्ठी? का घरी बसून यायनंच काढली?"

"खरी आहे चंद्रकलाबाई. मी स्वतः डॉक्टरांना फोन करून विचारलं."

 मग फोन तोंडाशी तसाच धरून त्या ओरडल्या, इतक्या मोठ्यानं की काउंटरवरच्या सगळ्यांनी ऐकलं:

"अवं सूनबाई, खरी हाये! चिठ्ठी खरी हाये!"